स्लिपकेसमधला टॉल्किन

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मुळात एकच कादंबरी. सहा भागांत रचलेली, पण सलग. जे. आर. आर. टॉल्किन यांना ती तशीच एकसंध छापून हवी होती. पण महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये कागद महाग होता, एवढ्या जाडजूड पुस्तकाची किंमत वाचकाला झेपली नसती, आणि लंडनच्या जॉर्ज अ‍ॅलन अँड अन्विन या प्रकाशकांना पैसे बुडण्याची धास्ती होती. म्हणून तिचे तीन खंड झाले. पहिला २९ जुलै १९५४ रोजी आला, दुसरा त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, आणि तिसऱ्यासाठी वाचकांना थेट २० ऑक्टोबर १९५५ पर्यंत ताटकळावं लागलं.

हा इतिहास आठवला की या कादंबरीच्या बाबतीत स्लिपकेसला एवढं महत्त्व का, ते कळतं. स्लिपकेस म्हणजे पुठ्ठ्याची, एका बाजूने उघडी असलेली घट्ट पेटी. पुस्तक आत सरकतं आणि कणा तेवढा बाहेर दिसतो. खर्चापायी वेगळे झालेले तीन खंड या पेटीत पुन्हा शेजारीशेजारी येतात. लेखकाला हवं होतं त्याच्या जवळात जवळ जाणारं रूप हेच, किंवा मग एका खंडातली जाड आवृत्ती.

मात्र पेटी फक्त शोभेची आहे असं समजणारा हमखास फसतो. पुस्तक दर वेळी आत जाताना आणि बाहेर येताना दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. कापडावरचा सोनेरी ठसा पुसट होतो, कोपरे दबतात, खुणेची फीत अडकून विसविशीत होते. जी वस्तू पुस्तक सांभाळायला केली, तीच त्याला झिजवतेही. या आवृत्त्या जमवणाऱ्याला खरं ज्ञान लागतं ते इथेच: पेटी नीट बसते का, ती मूळचीच आहे का, तिच्या आत हवा कशी राहते.

आधी कोणत्या आवृत्त्यांबद्दल बोलतोय ते सांगायला हवं. १९६९ मध्ये अ‍ॅलन अँड अन्विनने 'इंडिया पेपर' या पातळ पण अपारदर्शक कागदावर अख्खी कादंबरी एका खंडात छापली. बायबल छापायला वापरतात तो हा कागद. काळं कापड, सोबत स्लिपकेस, आणि सगळी परिशिष्टं आत. आदल्याच वर्षी निघालेल्या एकखंडी कागदी बांधणीच्या आवृत्तीत अरागॉर्न आणि आर्वेनची कथा सोडून बाकी परिशिष्टं गाळली होती, त्यामुळे १९६९ची ही आवृत्ती वाचकाच्याही उपयोगाची ठरली. अमेरिकेत हॉटन मिफ्लिनने १९७४ मध्ये लाल रेक्झिनसारख्या बांधणीत एकखंडी आवृत्ती काढली. ती पुढे वर्षानुवर्षं त्याच रूपात छापली गेली. म्हणून 'दुर्मीळ लाल आवृत्ती' अशी जाहिरात दिसली की जरा थांबावं. ती देखणी आहे, हातात घेतल्यावर मन भरतं, पण दुर्मीळ नाही. उगाच चढा भाव देऊ नये.

लंडनच्या फोलिओ सोसायटीने १९७७ मध्ये तीन खंडांचा संच काढला. त्यातली चित्रं इंगाहिल्ड ग्राथमर या नावाने छापलेली आहेत आणि ती एरिक फ्रेझर यांनी छपाईसाठी नव्याने रेखाटली. ग्राथमर हे टोपणनाव डेन्मार्कच्या तेव्हाच्या राणी मार्ग्रेथे दुसऱ्या यांचं. फ्रेझर यांची काळी-पांढरी, लाकडावर कोरल्यासारखी रेघ या कादंबरीला जशी शोभते तशी पुढच्या चकचकीत रंगीत चित्रांपैकी थोडीच शोभतात, असं माझं ठाम मत आहे. हा संच अनेकदा पुन्हा छापला गेला आणि बांधणीचं रूपही बदलत गेलं, त्यामुळे 'फोलिओ' एवढं ऐकून भागत नाही, कोणतं मुद्रण ते विचारावं लागतं. याच संस्थेने २०२२ मध्ये अ‍ॅलन ली यांच्या चित्रांसह १००० प्रतींची मर्यादित आवृत्ती काढली, ती मात्र सर्वस्वी वेगळी वस्तू. आणि २०२१ मध्ये हार्परकॉलिन्सने टॉल्किन यांची स्वतःची चित्रं, नकाशे घालून एकखंडी आवृत्ती काढली. तिचं साधं रूपही आहे आणि स्लिपकेसमधलं खास रूपही.

पाठाचा, म्हणजे छापलेल्या मजकुराच्या अचूकपणाचा, मुद्दा बहुतेक जण विसरतात. अक्षरजुळणी करणाऱ्यांनी पहिल्याच वेळी टॉल्किन यांनी जाणूनबुजून केलेली काही रूपं 'सुधारून' टाकली होती, आणि ती त्यांना परत बदलून घ्यावी लागली. पुढे पहिल्या खंडाच्या दुसऱ्या मुद्रणासाठी छापखान्याने अक्षरांचे जुळवलेले खिळे ठेवलेच नव्हते. त्यांनी कुणाला न सांगता सगळं नव्याने जुळवलं आणि नव्या चुका शिरल्या. १९९४ मध्ये मजकूर संगणकावर घेताना पुन्हा तसंच झालं. पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा, २००४ मध्ये, वेन हॅमंड आणि क्रिस्टिना स्कल या टॉल्किन-अभ्यासकांनी पाठ बारकाईने तपासून तीनशे ते चारशे दुरुस्त्या केल्या. त्याच आवृत्तीत कादंबरीत येणाऱ्या माझारबुलच्या ग्रंथाची जळकी, फाटकी पानं रंगीत छापली गेली. टॉल्किन यांनी ती स्वतः तयार केली होती आणि १९५४ मध्ये खर्च परवडेना म्हणून वगळावी लागली होती. म्हणजे सुंदर बांधणीची जुनी प्रत घेताना आपण जुना पाठही घेत असतो. संग्रहासाठी ते चालतं, किंबहुना त्यातच गंमत आहे. वाचण्यासाठी मात्र २००४ नंतरचा पाठ जवळ असावा. आणि मराठीत वाचायची असेल तर मुग्धा कर्णिक यांचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा अनुवाद आहेच.

मुद्रण ओळखायची रीत सोपी आहे. शीर्षकपानामागच्या तपशिलाच्या पानावर अलीकडच्या पुस्तकांत आकड्यांची एक ओळ असते. तिच्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे ते मुद्रण. १ दिसला तर पहिलं. अ‍ॅलन अँड अन्विनच्या जुन्या प्रतींत मुद्रणांची वर्षवार यादीच छापलेली असते, तिची शेवटची ओळ वाचायची. तीन खंडांच्या संचात हे तिन्ही खंडांचं स्वतंत्रपणे बघायचं. इथेच सर्वांत जास्त फसवणूक होते, आणि ती दर वेळी मुद्दाम केलेली असतेच असं नाही. कुणाचा दुसरा खंड हरवला, दुसऱ्या संचातला आणून बसवला, पेटी तिसऱ्याच संचाची. लांबून सगळं एकसारखं दिसतं. जवळून पाहिलं तर एका कण्याचा रंग किंचित वेगळा असतो, किंवा एक खंड पेटीत दोन मिलिमीटर आत जातो आणि बाकीचे जात नाहीत. अशा जोडसंचाची किंमत अखंड संचाइतकी लावू देऊ नये.

विक्रेत्याकडून फोटो मागवताना नुसत्या दर्शनी फोटोवर समाधान मानू नका. पेटीच्या पाचही बंद बाजू, उघडं तोंड समोरून, आणि चारही कोपरे जवळून हवेत. मग पुस्तक पेटीतून अर्धं बाहेर काढलेला एक फोटो, दिवसाच्या उजेडात. तो सर्वांत बोलका. पेटीत असताना कणा तेवढा उजेड खात राहतो आणि पुठ्ठे अंधारात असतात, त्यामुळे रंग उडालेला असेल तर कणा आणि पुठ्ठा यांच्या सांध्यावर रेघ ओढल्यासारखा फरक दिसतो. लाल आणि हिरवा रंग विशेष लवकर विटतो. घडीचा नकाशा पूर्ण उघडून फोटो मागवा. तो बांधणीला चिकटवलेला असतो, आणि फाटतो तो पहिल्या घडीपाशीच. वास फोटोत येत नाही, म्हणून सिगारेटचा किंवा कुबट वास आहे का हे लेखी विचारावं. उत्तर टाळलं गेलं तर तेच उत्तर समजावं.

'डिलक्स' हा शब्द स्वतः काहीच सांगत नाही. पाहायचं ते हे, की बांधणी जुजबंदी, म्हणजे दोऱ्याने शिवलेली, आहे की नुसती चिकटवलेली. पुस्तक मिटून कण्याच्या वरच्या टोकाकडून डोकवा. फर्मे, म्हणजे पानांचे दुमडलेले गठ्ठे, शिवलेले असतील तर छोट्या छोट्या कमानी ओळीने दिसतात. मग सोळा किंवा बत्तीस पानांच्या गठ्ठ्याच्या मधोमध उघडा, घडीत दोरा दिसायला हवा. सगळी पानं सुटी कापून चिकटवलेली असतील तर वरची कड सपाट असते. हजाराहून जास्त पानांचं पुस्तक नुसत्या गोंदावर उभं असेल, तर ते सोनेरी ठशाने कितीही नटवलं तरी दोनतीन वाचनांत मधून दुभंगण्याची शक्यता मोठी. 'लेदर' म्हटलेलं असेल तर अख्खं चामडं की भुगा दाबून केलेलं, हेही विचारावं.

इथपर्यंत सगळं जमलं तरी पुस्तक आपल्या दारात येईपर्यंत खरं नाही. परदेशातून येणाऱ्या स्लिपकेसची नासाडी बहुतेक वेळा एकाच कारणाने होते: पुस्तक पेटीच्या आत हलतं. पार्सल आपटलं की दोन-तीन किलोंचा ऐवज पेटीच्या मागच्या भिंतीवर घणासारखा बसतो आणि सांधे उसवतात. बाहेर कितीही बबल रॅप गुंडाळलं तरी हे थांबत नाही. म्हणून विक्रेत्याला स्पष्ट लिहावं: पेटीच्या उघड्या तोंडावर जाड पुठ्ठा ठेवून कणा आणि पुठ्ठा यांतली फट कागदाने भरावी. संपूर्ण संचाला आधी आम्लमुक्त टिश्यू, मग बबल रॅप. बबल रॅप थेट रेक्झिनवर किंवा फॉइलवर आला तर उन्हात तापलेल्या गाडीत त्याचे गोल वण उमटतात आणि ते जात नाहीत. हे सगळं एका घट्ट खोक्यात, तो खोका दुसऱ्या मोठ्या खोक्यात, आणि दोन्हींमध्ये सगळीकडून निदान पाच सेंटिमीटर भरण.

बिलावर 'छापील पुस्तके' आणि सीमाशुल्काच्या वर्गीकरणातला शीर्षक क्रमांक ४९०१ लिहून घ्यावा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. २०१९ च्या अर्थसंकल्पाने आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लावलं. पण वर्णन मोघम असेल तर पार्सल वैयक्तिक वापराच्या इतर वस्तूंमध्ये टाकलं जातं आणि शुल्काचा आकडा भलताच निघतो. मग पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

आता आपल्याकडच्या हवेबद्दल. आपल्या जुन्या पोथ्या दोन फळ्यांमध्ये दाबून कापडी बासनात बांधून ठेवत. त्यामागे शहाणपण होतं. फळ्या कागदाला फुगू देत नसत आणि कापडातून हवा खेळती राहत असे. स्लिपकेस युरोपातल्या कोरड्या, गरम ठेवलेल्या खोल्यांसाठी घडली. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते, आणि पासष्टच्या वर गेली की बुरशीला वाव मिळतो. पेटीच्या तळाशी, मागच्या कोपऱ्यात हवा हलत नाही. बुरशी पहिल्यांदा तिथेच धरते, आणि बाहेरून काही कळत नाही. म्हणून पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस उघडलेल्या दिवशी, पुस्तक बाहेर काढून पेटीच्या आत टॉर्च मारून पाहायचं.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, मध्ये चार बोटं जागा ठेवावी. कपाटात साधा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रतामापक, ठेवावा. आकडा पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मध्ये राहिला तर उत्तम. त्यासाठी काचेच्या बंद कपाटात सिलिका जेल. माणसाच्या छातीइतक्या उंचीच्या कपाटाला अर्ध्या किलोपासून सुरुवात करावी आणि पुढे हायग्रोमीटर सांगेल तसं वाढवावं. नारिंगी दाण्यांचं घ्यावं, ओलावा शोषला की ते हिरवे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते घरात नको. रंग बदलला की ताटात पसरून ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनतीन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. चाळीसच्या खाली मात्र जाऊ देऊ नये. कोरडेपणाने चामडं तडकतं, पुठ्ठे बाहेरच्या बाजूला वाकतात, आणि मग तेच पुस्तक पेटीत जात नाही. डांबराच्या गोळ्या तर पुस्तकांच्या कपाटात ठेवूच नयेत. वास कागदात कायमचा बसतो.

पावसाळ्यात पुस्तक फुगून पेटीत जाईना, असं झालं तर जोर लावू नका. कोरड्या खोलीत आडवं, वर एखादं हलकं पुस्तक ठेवून आठवडाभर राहू द्या. बहुतेक वेळा बसतं. आणि रेक्झिनसारखी बांधणी मेच्या उकाड्यात चिकट होऊन पेटीच्या आतल्या कागदाला धरते, तेव्हा ओढून काढण्याऐवजी खोली थंड करून वाट पाहावी.

पुस्तक काढायची एकच योग्य पद्धत आहे. कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढायचं नाही, कण्याची टोपी तिथेच फाटते. पेटी दोन्ही हातांनी उचलायची, तोंड खाली थोडं कलतं करायचं, आणि पुस्तक स्वतःच्या वजनाने सरकून तळहातावर येऊ द्यायचं. घालताना फीत आधी पानांच्या मध्ये पूर्ण आत घ्यायची. पुस्तक कणा बाहेर ठेवूनच घालायचं. कणा विटू नये म्हणून उलटं घालणारे काही जण आहेत, पण मग पानांच्या कडांवर धूळ बसते, आणि सोनेरी कडांवर बसलेली धूळ पुसताना ओरखडे उठतात. त्यापेक्षा खिडकीला पडदा लावावा.

एकखंडी आवृत्तीला आणखी एक रोग होतो. पुठ्ठे पानांपेक्षा तीनेक मिलिमीटर मोठे असतात, त्यामुळे उभ्या पुस्तकात पानांचा सगळा भार अधांतरी लोंबतो आणि हळूहळू वरचा सांधा सुटत जातो. स्लिपकेसमध्ये हे डोळ्यांआड घडतं. उपाय सोपा: पेटीच्या तळाशी, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बरोबर बसेल एवढी आम्लमुक्त पुठ्ठ्याची पट्टी. जाडी त्या मोकळ्या जागेइतकीच, रुंदी पानांच्या जाडीपेक्षा दोन मिलिमीटर कमी. पाने तिच्यावर टेकतात. हे करायचं नसेल तर जाड खंड पेटीसकट आडवा ठेवावा, त्यावर दुसरा नको.

पेटी हरवलेली प्रत स्वस्तात मिळते, आणि चांगल्या बाइंडरकडून नवी करून घेता येते. उंची, खोली आणि जाडी मोजायची. जाडी कण्याच्या खांद्यापाशी, कारण तिथे पुस्तक सर्वांत जाड असतं. समजा पुस्तक २३५ मिलिमीटर उंच, १५५ खोल, ५० जाड आहे. पेटीचं आतलं माप उंचीला २३७, जाडीला ५२, खोलीला १५५ ठेवायचं, अस्तराचा कागद धरून. दोन मिलिमीटरचा करडा पुठ्ठा, आणि त्याचा दाणा, म्हणजे तंतूंची दिशा, पुस्तकाच्या उंचीला समांतर. दाणा आडवा गेला तर पहिल्याच पावसाळ्यात भिंती वाकतात. तोंडाशी दोन्ही बाजूंना अंगठ्यापुरती अर्धगोल खाच असावी, पुस्तक धरायला सोपं जातं. तयार पेटीत पुस्तक लगेच घालू नका. गोंदातलं पाणी निघून जायला चारपाच दिवस द्या, नाहीतर ते कागदात शिरतं. आणि विकताना ही पेटी नवी आहे हे सांगणं आपलं कर्तव्य.

शेवटी प्लॅस्टिकच्या वेष्टनाचा प्रश्न. बरेच संग्राहक नवीन प्रत सीलबंदच ठेवतात, भाव टिकतो म्हणून. आपल्या हवेत मला हे पटत नाही. घट्ट ताणलेलं प्लॅस्टिक पेटीच्या उघड्या तोंडाच्या कडा आत वाकवतं आणि अडकलेला दमटपणा बाहेर पडू देत नाही. शिवाय एखादा फर्मा उलटा शिवलेला, दोनदा आलेला किंवा गायबच असेल, तर ते बदलून घ्यायची मुदत संपल्यावर कळून काय उपयोग? आल्या दिवशी उघडावं, पानांचे क्रमांक पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासावेत, नकाशे उघडून पाहावेत. नवं पुस्तक उघडताना कणा टेबलावर टेकवायचा, दोन्ही पुठ्ठे हळूच खाली सोडायचे, मग थोडी पानं पुढून, थोडी मागून, आलटून पालटून दाबत मधोमध पोचायचं. कणा एकदम मधून मोडला की तो तिथेच कायम उघडत राहतो.

पहिलीच प्रत घ्यायची असेल तर मी फोलिओचा तीन खंडांचा जुना संच सुचवेन, नंतरच्या मुद्रणातला, वापरलेला पण पेटी शाबूत असलेला. तो परवडतो, शिवलेला असतो, फ्रेझर यांची चित्रं अधूनमधून भेटतात, आणि प्रत फार मोलाची नसल्यामुळे हात न थरथरता वाचता येतो.